मडमचं कंट्रोल

शेलार, तालुका भिवंडी
फेब्रुवारी १९८८

चिरंजीव लडकू यास थोरली बहीण गुणाबाई हिचा आशीर्वाद. गुणाबाई म्हणजे कोण, असं तुळजाला विचारत बसू नकोस. तुझी सख्खी बहीण, शेलारला दिलेली. आधीच सांगून टाकते, कारण भाऊबीजेला तू इथून गेलास तो एका पायात तुझी चप्पल आणि दुसऱ्यात आमच्या अनंताची घालून, आणि उरणला जाऊन तीन महिने झाले तरी तुला काही टोचलेलं दिसत नाही. अनंता बिचारा तुझी उजवी घालून फिरतो. लोक विचारतात, मामाचा आशीर्वाद का?

तुझे गुडघे कसे आहेत? तुळजाचा खोकला थांबला का? मिठागरावर उन्हाचं डोक्याला फडकं बांधत जा, आत राहिलंय तेवढं तरी शाबूत राहील. आमच्याकडे सगळे खुशाल. म्हैस व्याली, पारडी झाली. हे पत्र माझी सून चंद्रा लिहिते आहे. मी ‘हाय’ म्हणते तिथे ती ‘आहे’ लिहिते, म्हणून पत्रात मी जरा शिकलेली वाटेन. घाबरू नकोस, मी तीच आहे. पत्राला तसं खास कारण काही नाही. सहज तुझी आठवण आली.

तर आमच्या मडमची गोष्ट ऐक. मडम म्हणजे भिवंडीच्या मोहिउद्दीन शेठची ती विलायती गाडी, दुधाच्या सायीच्या रंगाची, तुझ्या लग्नाच्या वरातीला आली होती ती. आमच्या ह्यांनी अठ्ठावीस वर्षं चालवली. तिला नेहमी उतारावरच उभी करायची ही ह्यांची पद्धत होती, आणि तिच्यापुढे विडी ओढायची नाही ही दुसरी. माझ्यापुढे ओढायचे. आता शेठ गेले, हेही गेले, आणि गाडी आमचा अनंता चालवतो. पण शेठचा मुलगा खलील पडला लूमवाला. त्याला गॅरेजकडे बघितलं की गाडी दिसत नाही, तिथे मावणारे चार लूम दिसतात. दिवाळीनंतर त्याने भंगारवाल्याला बोलावून मडमला बोटाने टकटक करून दाखवलं. त्याची आई हबीबाबी (तुला आठवणार नाही, पण वरातीत तुझ्या डोक्यावरचं बाशिंग सरळ करणारी तीच) दोन दिवस जेवली नाही. शेठ तिला त्याच गाडीतून नवी नवरी म्हणून घेऊन आले होते. शेवटी मायलेकांत ठरलं, की मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाची ठाण्याहून इगतपुरीपर्यंत रॅली आहे, तीत मडमने जावं. स्वतःच्या चाकांवर गेली आणि आली तर राहील. ओढून आणावी लागली तर लूम येतील.

हबीबाबीला स्वतःला जायचं होतं, पण तिचे गुडघे तुझ्याहून वाईट. मला म्हणाली, “गुणा, तू जा. हे दोघे मला खोटं सांगतील. तू निदान मजेदार खोटं सांगशील.” म्हणून मी मागच्या सीटवर, पुढे अनंता चालवायला आणि त्याच्या शेजारी काळा चष्मा लावून, मांडीवर इंग्रजी पुस्तक घेऊन खलील. रस्ता कुठे वळायचा हे त्या पुस्तकात लिहिलेलं. (ज्या रस्त्याने अनंता रोज सुताचे गठ्ठे नेतो, त्या आग्रा रोडला पुस्तक कशाला, हे मी विचारलं.) निघताना खलील म्हणाला, “गुणामावशी, कार्ड सांभाळा हां. प्रत्येक कंट्रोलवर दाखवून शिक्का घ्यायचाय.” मी म्हटलं, ते मला नको शिकवू, वीस वर्षं कंट्रोलच्या रांगेत उभी राहिले आहे. आणि घरात परत जाऊन आमचं रेशनकार्ड, साखरेची पिशवी आणि रॉकेलचा डबा घेऊन आले. खलील डब्याकडे बघत राहिला. बहुतेक त्याला वाटलं पेट्रोलला आहे.

ठाण्याहून तेवीस गाड्या सुटल्या. एकेक अशी नटलेली, की नवऱ्यामुली लाजाव्यात. आमच्या दारावर सतरा नंबर डकवला, नाकावर झेंडा लावला. आता शर्यत म्हटल्यावर अनंताने काय करावं? टेमघरच्या नाक्यावर सगळे ओळखीचे उभे, “अनंता, घाल पुढं!” म्हणून ओरडतात. त्याने घातली. ओळीने सहा गाड्या मागे टाकून पडघ्याला पोचलो, तर तिथे पांढऱ्या टोपीच्या साहेबाने घड्याळ बघून आमचे गुण कापले. का, तर आठ मिनिटं आधी आलात. लडकू, मी साठ वर्षांची झाले, उशिरा आलेल्याला बोलणी बसलेली पाहिली आहेत. लवकर आला म्हणून दंड हा पहिलाच. मग खलीलने पुस्तकात वाचलं, की ही शर्यत नव्हेच. साहेब ठरवील त्या मिनिटाला पोचायचं, आधी नाही की मागाहून नाही. हे त्याने ठाण्यालाच वाचलं असतं तर! पण मालक माणूस, शेवटचं बक्षिसांचं पान आधी वाचणारा.

पडघा सोडलं आणि चालत्या गाडीत वाचल्याने खलीलच्या पोटातला सकाळचा खिमा जागा झाला. तोंड पिवळं पडलं. मी त्याच्या हातात लिंबू दिलं, नाकाला रुमाल लावायला सांगितला आणि पुस्तक माझ्याकडे घेतलं. (चंद्रा हसते आहे. हस, पण लिही.) अक्षरं मला येत नाहीत, पण त्यात प्रत्येक वळणाचं चित्रही होतं. खाली एक ठिपका, वर बाण, मध्ये रेघा. ठिपका म्हणजे आपण, बाण म्हणजे जायचं तिकडे. रांगोळी काढणाऱ्या कुठल्याही बाईला हे कळेल. मी मागून सांगत होते, “आता डावीकडं देऊळ येल, सरळ जा,” आणि देऊळ येत होतं. अनंताला वाटलं मला वाचता यायला लागलं. मीही वाटू दिलं. पण वेळेचं काय करायचं ते रांगोळीत नव्हतं, आणि सवयीने त्याचा पाय जडच. पुन्हा आम्ही दहाबारा मिनिटं पुढे.

शहापूरच्या अलीकडे एका नाक्यावर बघते तर कंट्रोल. चांगली रांग लागलेली, बायकांच्या हातात पिशव्या. मी ओरडले, “थांब! कंट्रोल आलं, कार्ड दाखवायचं हाय.” अनंता म्हणाला, “आये, ह्ये त्ये न्हाय गं.” मी म्हटलं, “कंट्रोल ते कंट्रोल. साहेब काय बोलला? शिक्का घेतल्याबिगर पुढं जायाचं न्हाय.” खलीलला विचारलं तर त्याने फक्त रुमालातून हूं केलं.

मी दोन्ही कार्डं घेऊन दुकानदारापुढे ठेवली. तो बायकांना सांगत होता, “साखर संपली, सोमवारी या.” त्याने मान वर केली तर दारात विलायती गाडी, दारावर नंबर, नाकावर झेंडा, आणि आत काळ्या चष्म्याचे साहेब, जे नाकाला रुमाल लावून त्याच्या दुकानाकडे बघत नाहीत, बोलत नाहीत, आणि धाडलेल्या चहाला हाताने नको म्हणतात. मी म्हटलं, “टाइम लिव्ह आन शिक्का मार. साहेबाला पुढं जायाचं हाय.” लडकू, त्या माणसाचा चेहरा बघायला हवा होतास! “आत्ताच गोणी आली बघा बाई,” म्हणत त्याने बारदानाखालून साखरेची आख्खी गोणी ओढून काढली. रांगेतली आक्का म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, “तीन दिस नाय नाय करीत व्हता मेला.” पहिली मापं आमची. मी म्हटलं माझं कार्ड शेलारचं आहे. तो म्हणाला, असू द्या, असू द्या. आणि इंग्रजी कार्डावर त्याने घड्याळ बघून वेळ लिहिली, जांभळा शिक्का मारला आणि खाली सवयीने ‘साखर दोन किलो’ असंही लिहिलं.

निघायला बसलो तर मडम सुरू होईना. अनंता बटण दाबतो, ती नुसती उचकी देते. नाका सपाट, उतार नाही. डोळ्यापुढे हबीबाबी उभी राहिली, तिच्यामागे ते चार लूम. तेवढ्यात आक्काने साखरेची पिशवी कमरेला खोचली आणि हाक दिली, “चला गो, साखरेच्या सायबाची गारी ढकला!” पंधरा बायकांनी खांदा लावला. लडकू, तुझ्या वरातीतसुद्धा एवढ्या बायका गाडीमागे नव्हत्या. मडम एकदा शिंकली आणि चालू झाली.

खरं कंट्रोल पुढच्या वळणावर तंबूत होतं. साहेबाने घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. मिनिटाला मिनिट! ना आधी, ना मागाहून. मग कार्ड बघून म्हणाला, “हा शिक्का कसला?” खलीलने चष्मा काढून वाचलं आणि पडघ्यापासूनचं पहिलं धड वाक्य बोलला, “साखर. दोन किलो.” साहेब इतका हसला, की त्याची टोपी पडली. जास्तीचा शिक्का घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून त्याने सोडून दिलं.

कसाऱ्याच्या घाटात मडम दोनदा तापली. दोन्ही वेळा इंजिन चालू ठेवूनच रॉकेलच्या डब्याने झऱ्याचं पाणी आणून तिला पाजलं (अनंता आधी डबा हुंगून बघत होता, मी स्वच्छ धुतला होता रे!). इगतपुरीला पोचलो. एकूण गाड्यांत आम्ही सोळावे, पण त्या एका टप्प्यात बरोबर मिनिटाला पोचलेली गाडी एकच, आमची. त्याचा वाटीएवढा कप मिळाला. खलीलने लाऊडस्पीकरवर सांगितलं, की आम्ही वेळ साधायला मुद्दाम थांबलो होतो. येताना सगळा उतार, इंजिन बंद न करता थेट भिवंडी. हबीबाबी दारात उभी होती. तिने मडमच्या नाकावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, “आता खोटं सांग.” मी म्हटलं, यंदा गरजच पडली नाही. खलील आता येणाऱ्याजाणाऱ्याला कप दाखवतो. मडम राहिली.

बरं आहे. तुळजाला आशीर्वाद. अनंताची चप्पल जपून ठेव.

तुझी थोरली बहीण,
गुणाबाई (अंगठा केला आहे, तो तेलाचा डाग नव्हे)

ता. क. मडम राहिली असं वर लिहिलं ते पुरतं खरं नाही. त्या दिवशी गॅरेजात उभी केली ती आजवर सुरू झालेली नाही. येत्या रविवारी वळ गावात हबीबाबीच्या भाचीचं लग्न आहे, आणि खलीलने सगळ्या पाहुण्यांना मडममधून येतो म्हणून सांगितलंय. तिथे फजिती झाली तर कप राहील आणि मडम जाईल. मिस्त्री म्हणतो, पुढून हँडल मारून चालू होईल. हँडल कुठे आहे, असं खलीलने विचारलं. हबीबाबीने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

ता. क. दुसरा. मामा, हे मी चंद्रा माझ्या मनाने लिहिते. सासूबाईंना खरं कंट्रोल कुठलं ते पक्कं ठाऊक होतं, असं ह्यांचं म्हणणं आहे. आमची साखर त्याच सकाळी संपली होती. (सासूबाई विचारतात, एवढं काय लिहितेस? मी म्हटलं, पत्ता.)

ता. क. तिसरा, आणि हाच नीट वाच. तुझ्या लग्नाच्या रात्री आमच्या ह्यांनी मडमचं हँडल मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवलं, तू ते मांडवाच्या सामानात आत नेलंस आणि विसरलास. ह्यांनी शेठला सांगितलं, घरी जपून ठेवलंय, आणि मरेपर्यंत गाडी उतारावर लावली. मी गौरीला तुमच्याकडे आले होते तेव्हा बघितलं, तुळजा त्यानेच सुके बोंबील कुटते. ते राखेने दोनदा घासून, गोणपाटात गुंडाळून, रामनाथ कंडक्टरच्या हाती शनिवारच्या आत पाठव. सोबत बोंबीलही पाठव, दोन जुड्या, पण वेगळ्या पिशवीत. आणि आख्खे पाठव. कुटायचं हत्यार आता आमच्याकडे असेल.