माझ्या देखरेखीखाली झुरळं

३ मार्च, सकाळी ७
लेक दीड महिन्याच्या ट्रेनिंगला गेली. तिचा पाळीव सरडा दाढोबा आणि त्याच्या खाण्याच्या झुरळांचा डबा आता माझ्याकडे. झुरळं घरातली नव्हेत, खास जातीची. अंड्यांच्या ट्रेमध्ये राहतात, खाली गरम पॅड. दोन वर्षं खपून तिने वाढवलीत. जाताना सूचनांची दोन पानं दिली. स्टोअर्स खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला सूचना!
संकल्प: ती येईपर्यंत स्टॉक दुप्पट.

५ मार्च
इन्स्पेक्शन. काही झुरळांना लांब, देखणे पंख. बाकीची बिनपंखी, त्यातली काही नुसतीच जाड. निर्णय: पंखवाली पैदाशीला ठेवायची, बिनपंखी दाढोबाला. दिवसाला दहा.
पानं वाचायची राहिली.

९ मार्च
दाढोबा खूश. बायको म्हणाली, मोठी झुरळं द्यायची नाहीत असं लेक सांगून गेली होती ना? मी म्हटलं, ही मोठी नाहीत, सुटलेली आहेत. ती म्हणाली, मला काय करायचंय. त्या खोलीत ती पाऊल टाकत नाही. केर दारातूनच ओढते.

१८ मार्च
अजून एकही पिल्लू नाही. एकांत मिळत नसावा. डब्यावर काळं कापड टाकलं.
लेकीचा फोन. पिल्लं झाली का, विचारलं. खूप, म्हटलं. तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला जमेल असं वाटलं नव्हतं, कमाल केलीत. तिने माझं कौतुक शेवटचं कधी केलं होतं, आठवेना.
उद्या खरं सांगायचं.

१९ मार्च
नाही सांगितलं. ती घाईत होती. म्हणजे, असावी.

२६ मार्च
फोनवर रोज पिल्लांची चौकशी. आज तीनशे सांगितली. आकडा मागे घेता येत नाही, वाढवता मात्र येतो.
बिनपंखी संपली. शेवटी पानं वाचली. पहिल्याच पानावर, दुसरी ओळ: पंखवाले नर. बिनपंखी जाड त्या माद्या, त्यांना हात लावू नका. बारीक बिनपंखी ती पिल्लं, तीच फक्त खायला द्या.
मोजणी केली. नर बेचाळीस. माद्या शून्य. पिल्लं शून्य. तीन आठवडे मी ब्रह्मचाऱ्यांना गाजर घालतोय.
बायकोला सांगितलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२८ मार्च
नर खायला घालावेत, तर डबा रिकामा दिसेल. मार्ग काढला. जिन्याखालच्या गटाराच्या झाकणाजवळून अकरा झुरळं पकडली. शेवटी झुरळ ते झुरळ. चपळ आहेत साली. दाढोबाने सहा खाल्ली.

३० मार्च
दाढोबा मान टाकून पडलाय. गटारापाशी गेल्याच आठवड्यात औषध फवारलं होतं, हे वॉचमनने आज सांगितलं.
प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाईंनी विचारलं, काय खाल्लंय? म्हटलं, नेहमीचंच. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागलो. बाई म्हणाल्या, खरं कळल्याशिवाय औषध देता येणार नाही. मग सांगितलं. हळू सांगितलं, तरी मांजर घेऊन बसलेल्या आजोबांना ऐकू गेलं. त्यांनी मांजर जवळ ओढून घेतलं. स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.
लेकीचा फोन आला. दाढोबा मजेत, म्हटलं. पिल्लं चारशे.

९ एप्रिल
दाढोबा वाचला. खायला लागला. लेकीला सगळं समोरासमोर सांगायचं ठरवलंय. फोनवर अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत.

१७ एप्रिल, दुपारी
लेक आली. आधी दाढोबाला हातावर घेतलं, मग डब्याचं झाकण उघडलं. मी तिला कारणं सांगायला सुरुवात केली, हवा, आर्द्रता, पॅडचं तापमान. ती ऐकत होती. मग म्हणाली, आईने मला सव्वीस मार्चलाच सांगितलं होतं. डॉक्टरांकडचंही, तुम्ही गेलात त्याच दिवशी कळलं.
मी चिडलो. म्हटलं, सगळं माहीत होतं तर रोज पिल्लं किती झाली म्हणून का विचारत होतीस?
ती म्हणाली, वाटायचं, आज तरी खरं सांगाल.

रात्री
जेवायला तिघं होतो. तिने मला काहीच विचारलं नाही.