भिंतीपलीकडचा चमचा

मंगळवार, १२ फेब्रुवारी

शिंपीणबाईस,

मी कोण, ते आठवतंय का? नसेलच. औषधाने तुझ्या डोक्यावर केस टिकू दिले नाहीत, तिथे आत माणसं कुठून टिकणार! म्हणून सांगते: दवाखान्यात तुझ्या भिंतीपलीकडे झोपायची ती इस्त्रीवाली म्हातारी, ती मी. आज तपासणीचा वार होता, तो विसरलीस. मागचाही विसरलीस.

मी सांगतेय आणि नात लिहितेय. तिने वर 'प्रिय' लिहिलं होतं, मी खोडायला लावलं. तुझी खुशाली विचारत नाही, तुझ्या सुनेने फोनवर सगळी सांगितलीय. माझी ऐक. डोक्यावर खरखरीत लव आलीय. लहान बाळाच्या लसी पुन्हा टोचायच्या आहेत म्हणे. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचा नवा जन्म झाला." म्हटलं, मग दुधाचे दात कधी येणार?

आता भांडणाचं.

आज दवाखान्यातल्या बाकावर तुझी वाट बघत बसले होते, तर ताटं उचलणारी मावशी भेटली. "तुमची मैत्रीण कुठंय?" म्हणाली. म्हटलं, "मैत्रीण कसली, वैरीण ती. जेवणात रोज मला हरवायची." ती मास्कच्या आतून हसायलाच लागली. "हरवायची? अहो आजी, त्यांचं ताट तर मी भरलेलंच उचलायचे."

नात लिहायची थांबली. म्हणते, "म्हणजे काय, आजी?" तिला सांगते, तूही ऐक, तुझ्या आठवणीचा काही भरवसा नाही.

आपल्या दोघींच्या अंगातून आपल्याच पेशी काढल्या, बर्फात ठेवल्या आणि परत आपल्यालाच चढवल्या. त्या टिकवायच्या औषधाचा माझ्या खोलीत लसणासारखा वास सुटला, तर तू पलीकडून ओरडलीस, "म्हातारे, फोडणी कसली घातलीस?" तिथून आपली ओळख. मग तोंडात फोड आले, पाणी गिळलं तरी काच उतरल्यासारखं वाटायचं. खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, कुणाचं तोंड बघायचं नाही. तेव्हा तूच ठरवलंस: जिचं ताट आधी रिकामं होईल तिने त्यावर तीनदा चमचा वाजवायचा, हरली तिने शिव्या खायच्या.

रोज तुझाच चमचा आधी. माझा जळफळाट व्हायचा. ही काल आलेली शिंपीण मला हरवते? डोळ्यांतून पाणी काढत मऊ भात घशाखाली ढकलायची मी. आणि तू भरल्या ताटाच्या काठावर चमचा बडवत होतीस! लबाड कुठची. टाका न घालता शिलाई झाली म्हणून सांगतेस आणि वर मला 'हरलीस, रडूबाई' म्हणतेस?

त्या दिवसांत ताट परत पाठवायचं मी मनाशी ठरवलं होतं. एका वेळचं म्हणत नाही. कायमचंच. हे कुणाला बोलले नव्हते. अगं लिही गं, नाक काय पुसतेस. तुझ्या त्या मेल्या चमच्याने ते होऊ दिलं नाही.

आणि आता सून सांगते, तू गोळ्या उशीखाली सारतेस, दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून पडतेस, आणि म्हणतेस, "आता पुरे." पुरे म्हणणारी तू कोण? मला जगायला लावलंस, तेव्हा मला विचारलं होतंस? आता मला इथे एकटीला टाकून परस्पर निघायचं? मी नाही जाऊ द्यायची. भांडण अर्धवट टाकून उठणारी बाई मला खपत नाही.

माझंही जेवणाचं काही खरं नाही. नात ताट समोर ठेवते आणि मी ऐकत बसते. घरची भिंत काही बोलत नाही.

पुढच्या मंगळवारी त्याच बाकावर बसणार आहे. तू आली नाहीस तर तुझ्या दारात येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडेन. इस्त्रीवालीचा आवाज आहे, धुराने घासलेला.

उत्तर लिहू नकोस. मला अक्षर येत नाही, आणि नात चांगलं तेवढंच वाचून दाखवेल. तुझ्या चमच्यावर तर माझा विश्वास उडालाय. खाऊ पाठवायचा असेल तर सुनेच्या हाती केळ्याची साल पाठव. नुसती साल. आतलं केळं तुझ्या पोटात गेलेलं पाहिजे. तुझ्या सुनेला केळं आवडत नाही, ते मी आधीच विचारून ठेवलंय.

तुझी वैरीण,
भिंतीपलीकडची