कारणाचा रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून अकरा! चार कर्जवाले, तीन प्लॉटवाले, दोन विमा, एक क्रेडिट कार्ड, आणि एक नुसतंच यंत्र, 'अभिनंदन' म्हणणारं. अकराही ब्लॉक केले. अकराही वहीत लिहिले.

वहीत चार रकाने आखलेत. नंबर, तारीख, वेळ, कारण. यादी फोनमध्येही असते, पण तिथे कारण लिहायला जागा नाही. कारण न लिहिता कुणाला बंद करणं मला बरं वाटत नाही. आजचे धरून सदुसष्ट.

अनोळखी नंबर सगळेच बंद करायचं बटण आहे. एकदा दाबलं की शांतता. पण दाबता येत नाही — भाग्यश्रीच्या बायोडेटावर संपर्क म्हणून माझा नंबर आहे. आईबाबा गावी; बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आई अनोळखी माणसाशी बोलत नाही. तेव्हा सगळे म्हणाले, तू पुण्यात आहेस, तू थोरला, तुझाच टाक. आता तुळशीचं लग्न लागलं, स्थळांचे फोन सुरू होतील. आणि स्थळ कधीही मुलाच्या फोनवरून येत नाही! मुलाच्या मामाचा फोन, मामाच्या साडूचा फोन, साडूच्या दुकानातला फोन. सगळे अनोळखी.

म्हणजे प्रत्येक फोन उचलायचा. प्रत्येक वेळी छातीत धडधड. आणि पलीकडून — 'सर, दोन मिनिटं आहेत का?'

४ नोव्हेंबर, मंगळवार

नऊ. एकही स्थळ नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज कामावर चूक झाली. चार वर्षांत पहिली.

माझं काम एकच — मार्केट यार्डात ट्रान्सपोर्टच्या टपरीवर बसून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ रजिस्टरवर लिहायची. पहाटे चारपासून. बारावी अर्धी सोडलेल्या मुलाला हे काम मिळालं ते अक्षरावर. शेठनी एक पान लिहून घेतलं होतं, एकही खाडाखोड नव्हती. आणि आज टोमॅटोची गाडी लिहिताना फोन वाजला, उचलला, विमा निघाला, आणि मी शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले. ती गाडी अर्धा तास कोणाला सापडेना.

श्यामसुंदर शेठ ओरडत नाहीत. चष्मा कपाळावर नेला नि म्हणाले, "आपण बहिणीच्या लग्नाचं आधी उरकून घ्या शंभूराव. गाड्या थांबतील. टोमॅटोला कुठे घाई असते?"

हमाल हसले. माझे कान तापले ते घरी येईपर्यंत.

८ नोव्हेंबर, शनिवार

यार्डाला सुट्टी. यादी ताडून पाहिली. फोनमध्ये ९४, वहीत ९४. बरं वाटलं.

उद्या आमच्या गावाकडच्या दारव्ह्याचे लोक भाग्यश्रीला बघायला येणार. कोंडीराम मामांनी आणलेलं स्थळ. मुलगा सुदर्शन, चाकणला कंपनीत आहे. मामा म्हणतात असं स्थळ पुन्हा येणार नाही.

एक व्यवस्था केली. मी यार्डातून बाराला येतो, एक ते साडेतीन झोपतो. भाग्यश्री साडेतीनला निघून सदाशिव पेठेतल्या लॅबला जाते, रक्त काढायच्या कामावर. म्हणजे मी झोपलेला असताना ती घरी असते. तिला म्हटलं, दुपारी माझा फोन तुझ्याजवळ ठेवत जा. झोपेत मी मुलाकडच्यांनाच 'लोन नको' म्हणेन. स्थळ असेल तर उठव. दुसरं काही असेल तर ब्लॉक कर, नंबर सांग, मी वहीत लिहीन.

ब्लॉक कसं करतात ते दाखवायला लागलो.

"येतं मला, दादा."

९ नोव्हेंबर, रविवार

आले, बसले, गेले. मामांबरोबर सुदर्शन, त्याचे काका आणि आत्या कुसुमबाई. आमच्या कात्रजच्या खोलीत पाच माणसं बसली की दार उघडत नाही. मी उभाच होतो.

सुदर्शन एक शब्द बोलला नाही. सगळं काकाच.

"लॅबमध्ये म्हणजे रक्त काढता? सगळ्यांचं? पुरुषांचं पण?"

भाग्यश्री म्हणाली, "हो. सुई सगळ्यांना सारखीच लागते."

मामा मोठ्यानं हसले. त्यांना ते झाकायचं होतं. काका हसले नाहीत. निघताना म्हणाले, बुधवारपर्यंत कळवतो.

जिन्यात मामांनी मला बजावलं — "आपून फोन करायचा नाही, समजलं का? पोरीवाल्यायनं फोन केला का लोकं म्हणते, पोरगी पडून हाये." काकांचा नंबर मागायला जीभ वळली नाही. मामांकडे आहे, माझ्याकडे नाही. हे बरोबर झालं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

"सर, मी निशा बोलतेय." इतका आपलेपणा, की वाटलं सुदर्शनची बहीण! उभा राहून बोललो. "बोला ना ताई, घरचे सगळे बरे?" तीही म्हणाली बरे. मग म्हणाली, तळेगावला एनए प्लॉट आहेत.

कारण: प्लॉट.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नाही आला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नाही. सकाळी प्रत्येक फोन पहिल्या रिंगला उचलला, सात. एका हातानं फोन, एका हातानं रजिस्टर. शेठ बघत होते.

एक मात्र चांगलं — दुपारी हल्ली फोनच वाजत नाही. गाढ झोप लागते. भाग्यश्रीला विचारलं, कोणाचा आला का? म्हणाली, "दोन लोनवाले. हे घे नंबर." वहीत लिहिले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मीच तर ब्लॉक केलं नाही ना?

सकाळपासून डोक्यात हेच. गडबडीत, उन्हात, स्क्रीन नीट दिसत नाही. काका 'हॅलो, जरा बोलायचं होतं' म्हणाले असतील आणि मी कर्ज समजून...

सुट्टी होती. वही घेऊन बसलो. नऊ तारखेनंतरचे ज्यांच्याबद्दल जराशी शंका होती असे पाच नंबर काढले आणि एकेक करून स्वतः फोन लावला! तीन लागले नाहीत. चौथा प्लॉट. पाचवा कर्जवाला, आमोद नावाचा पोरगा. तो इतका खूश झाला. "सर, दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी परत फोन केलाय!" मला कर्ज नको म्हटलं. म्हणाला चालेल सर, जेवण झालं का?

त्याला पुन्हा ब्लॉक करताना वाईट वाटलं. पण केलं.

भाग्यश्री कपडे वाळत घालत बघत होती. म्हणाली, "तू किती जीव काढतोस रे त्या एका फोनसाठी." मी म्हटलं तुझ्यासाठीच. ती चिमटे लावत राहिली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मामांचा फोन. यार्डात सगळ्यांना ऐकू गेला असेल.

"कावून बे शंभू, तुह्या फोनले काय रोग झाला? दारव्ह्यावाले बुधवारपासून लावून राह्यले. एक डाव वाजते अन् कटते! अबे, होकार हाये त्यायचा! होकार द्यायले माणूस किती डाव फोन लावन?"

काकांचा नंबर मागून घेतला. शेवटचे दोन आकडे ४४.

फोनच्या यादीत आहे. ब्लॉक केलेला!

वहीत नाही.

तीनदा पाहिलं. प्रत्येक पानावर बोट फिरवून. नाही! मग दोन्ही याद्या मोजल्या. वहीत १५१. फोनमध्ये १५७. सहा नंबर असे, जे बंद आहेत आणि मला ठाऊकच नाहीत. आलेल्या फोनच्या यादीतही ते नाहीत. कोणीतरी तिथून पुसलेत.

मी लिहिल्याशिवाय एक नंबर बंद करत नाही. एकही नाही. आठ तारखेला यादी जुळत होती. आठ तारखेलाच मी दुपारचा फोन तिच्याकडे दिला.

मामा म्हणतात, रविवारपर्यंत तूच काकांना फोन कर, हात जोड, फोन खराब होता म्हण.

१९ नोव्हेंबर, बुधवार

झोपलो नाही. डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून पडलो. बहिणीवर पाळत ठेवायची लाज वाटली, तरी पडलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. ती उचलून बाहेर जिन्यात गेली. दार लोटलं, पण आमचं दार लागत नाही नीट.

"हॅलो... नाही, ते झोपलेत. मी बहीण... हो, तीच... पाच फूट दोन... नाही, चष्मा नाही..." मग नुसतं ऐकत होती. "नाही, नोकरी सोडणार नाही... का म्हणजे?... बरं. बरं, ठेवते."

आत आली. अंगठा दोनदा हलला. फोन माझ्या उशीजवळ ठेवला, अगदी हळू, मला जाग येऊ नये म्हणून.

आता सात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तीन वाजता उठून वही तिच्यापुढे उघडून ठेवली. सातही नंबर मी उतरवून ठेवले होते. कारणाचा रकाना सात ओळी कोरा. ओरडायचं ठरवलं होतं. ओरडता आलं नाही. म्हटलं, "एवढंच राहिलंय. बाकी सगळं जुळतं."

तिनं बघितलं. मला वाटलं रडेल. हात पुढे केला. "पेन दे."

लिहायला लागली. अक्षर तिचं माझ्याहून बरं आहे, ती शिकली.

पहिल्यापुढे लिहिलं — नाव विचारलं नाही, रंग विचारला. दुसऱ्यापुढे — नोकरी सोडायची. कालच्यापुढेही तेच. एकापुढे — फोटोत ओठ काळे दिसतात म्हणाल्या. एकापुढे नुसतं — हसले. त्याचं काय ते मी विचारलं नाही.

४४ पुढे थांबली. मग लिहिलं — मी 'बोला' म्हटलं तर म्हणाले, मोठ्या माणसाला दे. तीनदा.

"पण त्यांचा होकार होता, भाग्यश्री!"

"होकार त्यांचा होता ना. माझा विचारला कोणी?"

"मला सांगायचंस."

"तू काय केलं असतंस? मामांना विचारलं असतंस." मग म्हणाली, "दादा, तू लोनवाल्याला बंद करतोस तेव्हा कोणाला विचारतोस?"

मी वही सरळ केली.

एक नंबर उरला होता. शेवटी ३१. त्यापुढे ती बराच वेळ पेन धरून बसली. मग लिहिलं — काही वाईट बोलला नाही. मुलगा स्वतःच बोलत होता. मीच घाबरले.

"ह्याचा ब्लॉक काढ हवं तर," म्हणाली, आणि लॅबला उशीर होतोय म्हणून निघून गेली. चप्पल घालताना एकदा मागं बघितलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप नाही. मामांनी दोन स्थळं याआधीही आणली होती. आता नाही म्हटलं तर मामा पुन्हा आमच्या दारात उभे राहणार नाहीत. दिवाळीत बाबांच्या छातीत दुखलं होतं, ते मला म्हणाले होते, तिचं एकदा झालं की मी मोकळा. आणि मी रविवारी काय बोलणार? 'फोन खराब होता' — चार शब्दसुद्धा नाहीत. तेवढं बोललो की सगळं सुरळीत.

तिच्या ओळी पुन्हा वाचल्या. एकही खाडाखोड नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

यार्डात मरणाची गर्दी. शेठना म्हटलं, पाच मिनिटं द्या. म्हणाले, "घ्या. दहा घ्या. टोमॅटो थांबतील, ओळख आहे त्यांची आपल्याशी." बटाट्याच्या पोत्यांमागे गेलो. ४४ चा ब्लॉक काढला. लावला.

काका म्हणाले, "काय हो, फोन खराब होता म्हणे?"

म्हटलं, "फोन चांगला आहे."

"मग?"

"मुलीचा नकार आहे."

"मुलीचा? का तुमचा?"

"मुलीचा. म्हणजे आमचा."

त्यांनी फोन ठेवला. मी पोत्याला टेकून उभा राहिलो.

मामांना नंतर सांगितलं. काय बोलले ते लिहीत नाही. बायोडेटावर यापुढे त्यांचं नाव घालायचं नाही, असं शेवटी म्हणाले.

बाबांना गावी फोन करायला गच्चीवर गेलो. त्यांना ऐकू यायला ओरडावं लागतं. "भाग्यश्रीनं! नको म्हटलं!" सगळ्या कात्रजला कळलं! समोरच्या गॅलरीतल्या बाई पीठ चाळायच्या थांबल्या. फोन कटला की काय म्हणून पाहिलं. बाबा म्हणाले, "मग आता नंबर कोणाचा टाकायचा?"

२५ नोव्हेंबर, मंगळवार

झेरॉक्सवाल्याकडे जाऊन बायोडेटा बदलून घेतला. मामांचं नाव काढलं. संपर्काखाली नवा नंबर. त्यानं वाचून दाखवला आणि थांबला. "हा मुलीचाच नंबर वाटतं. चुकून आलाय का?"

"नाही. तीनदा तपासलाय."

"लोक काय म्हणतील हो?"

"तिलाच म्हणतील. फोन तिच्याकडे आहे."

असं मी बोललो! रस्त्यात येईपर्यंत घाम आला.

भाग्यश्रीनं एकच प्रत एका जागी पाठवली. कुठे ते सांगितलं नाही. मी ३१ चा ब्लॉक काढायला गेलो तर आधीच निघालेला होता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

माझा फोन सकाळपासून सहादा वाजला. सहाही कर्ज. एकदाही धडधड झाली नाही.

साडेबाराला जेवताना तिचा वाजला. मला लांबूनही आकडे दिसतात, शेवटी ३१. तिनं हात धुतले. उचलला. "हो, मीच बोलतेय. बोला."

मी वही तिच्याकडे सरकवली. बोलता बोलता तिनं नंबर लिहिला, तारीख लिहिली, घड्याळ बघून वेळ लिहिली. चौथ्या रकान्यावर पेन टेकवलं, आणि उचलून घेतलं.

वीस मिनिटं झाली. अजून बोलतेय.