सात प्रतिनिधींच्या बरगडीवरील एकाच व्रणाबाबत

प्रति,
नागरिक तपासनीस,
जप्त कागदपत्रे शाखा, पॅरिस.

विषय : चित्रातील धड माझे असून डोकी माझी नसल्याबाबत.
संदर्भ : माझा याच फ्रुक्तिदोर महिन्याच्या ४ तारखेचा अर्ज (उत्तर नाही).

महोदय,
(हा जुन्या राजवटीचा शब्द सवयीने लिहिला गेला. दुसरा कागद मिळत नाही, तरी तेथे 'नागरिक' वाचावे.)

१. मी मातुरँ ब्रोश, पूर्वी सीन नदीवरचा नावाडी, नंतर चित्रकार नागरिक दुबार्ल यांच्यापुढे उघड्या अंगाने उभा राहणारा. सध्या आपल्या तुरुंगात.

२. मोठे चित्र रंगवण्याआधी चित्रकार प्रत्येक माणूस कागदावर नागडा काढतात, मग त्यावर कपडे चढवतात. या चित्रात शपथ घेणाऱ्या सात लोकप्रतिनिधींना कपडे उतरवायला सवड नव्हती. म्हणून सातांचेही धड माझेच आहे. डोक्यांची जागा मोकळी सोडली होती, ती नंतर सभागृहात बसून भरली.

३. माझ्या डाव्या बरगडीवर होडी ओढायचा लोखंडी आकडा लागून झालेला व्रण आहे. तो सातही ठिकाणी आला. ते सातजण गेल्या महिन्यात गिलोटिनवर गेले. आपल्या कारकुनाने जप्त केलेल्या त्या कागदांवरचा व्रण कटवाल्यांची गुप्त खूण म्हणून नोंदवला, आणि तीच माझ्या अंगावर सापडल्याने मला आठवा कटवाला ठरवले.

४. खात्रीसाठी त्यांची प्रेते पाहावीत, असे मी मागील अर्जात सुचवले होते. खड्ड्यात अंगे विरघळावीत म्हणून चुना टाकल्याचे आता कळले.

५. परवा नागरिक दुबार्ल यांना ओळख पटवण्यास आणले. "ह्याला मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही," असे ते म्हणाले. मी सदरा काढला आणि शपथेचा हात वर करून उभा राहिलो. सहा हिवाळे ते मला "मातुरँ, हलू नकोस रे" म्हणत आले, त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांचा राग आहे, आणि त्यांची भीतीही मला समजते. पहारेकरी नंतर म्हणाला, "डोकी तर उडाली, बाबा. धड तेवढं राहिलंय, अन् ते तूच म्हणतोस तुझं."

६. सुनावणी उद्या आहे. जप्त गठ्ठ्यात, चित्र मोठे करण्यासाठी चौकटी आखलेला, बिनडोक्याचा एक कागद आहे. तो माझ्या अंगाशी ताडून पाहावा व मला सोडावे.

७. ते जमणार नसेल, तर तो कागद माझी बायको पेरीन हिला द्यावा. माझे दुसरे चित्र कोणी काढलेले नाही. त्यावर डोके नाही, पण तोवर मलाही नसेल. ती व्रणावरून ओळखेल. टाके तिनेच घातले होते.

बंधुभावाने, आपला नम्र,
मातुरँ ब्रोश
१२ फ्रुक्तिदोर, प्रजासत्ताकाचे वर्ष दुसरे

सोबत : व्रणाबाबत दोन नावाड्यांचा दाखला (सही येत नसल्याने फुल्या).