मीच कापलेला बंपर

मी, नरहर गोविंद बोरकुटे, वय ७२, राहणार तात्यापारा, रायपुर, भनपुरीत एक्केचाळीस वर्षे गाड्यांचे वर्कशॉप चालवणारा, हे पत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. हृदय दुबळे झाले आहे; डोके जागेवर आहे, याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली आहे. कोणाचाही दबाव नाही. २०२० मध्ये रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो.

१. तात्यापाऱ्याचे घर व बँकेतील शिल्लक पत्नी रमाची. यापुढे तिच्या अंगणात कोणी इंजिन आणून ठेवू नये. माझ्यापायी तिने ते पुष्कळ सोसले.

२. भाचा सुशील याला वेल्डिंगचा सेट आणि माझी स्कूटर. जुन्या पत्रात वर्कशॉप त्याला दिले होते. तो कष्टाळू आहे, पण बारा वर्षांत त्याने मला एकदाही चूक म्हटले नाही. "मामाजी, तुमचंच बरोबर" ऐकून माणूस सुखावतो, गाडी दुरुस्त होत नाही.

३. वर्कशॉप, त्यातील अवजारे आणि लाल टर्बो गाडी मुलगी श्रावणी हिला. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला जाताना माया आली.

टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. दाबलेली हवा तापते, ती निववायला इंटरकूलर लागतो. आमच्या गाडीत तो इंजिनाच्या वर होता. श्रावणीचे म्हणणे, तो पुढे, बंपरमागे बसवावा, थेट वारा लागेल. वर बसून तो इंजिनाचीच धग पितो. दयाराम मिस्त्रीने पाण्याने थंड होणारा सुचवला होता. तो आम्ही दोघांनी नाकारला, कारण पंप वाढला की गळायची जागा वाढते. बापलेकीचे एकमत झाले ते तेवढेच. मी म्हणालो, पुढे बसवला तर भनपुरीची काळी धूळ पात्यांत भरेल, पाइप लांबला की गाडी दम उशिरा धरेल, आणि माझ्या जिवंतपणी या बंपरला करवत लागणार नाही.

मग मी मोजणी केली. जानेवारीत, सकाळी सहाला, नवा रायपुरच्या रिकाम्या रस्त्यावर. इंजिनात जाणाऱ्या हवेचा आकडा आला बत्तीस अंश. तो कागद मी भिंतीवर चिकटवला.

"बाबा, तुम्ही थंडीत मोजून राहिले," श्रावणी म्हणाली. "गाडी मे महिन्यात सिग्नलले उभी राहते."

"तुले काय समजते?" मी सगळ्या कामगारांसमोर बोललो. "पोट्टीच्या हाती पाना दिला, तेच माझं चुकलं."

रागात ती हिंदीवर जाते. "आप मीटर से नहीं, ज़िद से नापते हो."

दसऱ्याला आम्ही प्रत्येकाचे हत्यार पाटावर मांडून पूजा करतो. ज्याचा पाना पाटावर, तो वर्कशॉपचा माणूस. त्या वर्षी मी तिचा पाना उचलून बाजूला ठेवला. ती बघत होती. आठवड्याने ती पुण्याला गेली. सहा वर्षे झाली, ती आईशी बोलते, माझ्याशी नाही.

४. गेल्या मे महिन्यात मी तेलीबांध्याच्या सिग्नलला अडकलो. बाहेर चव्वेचाळीस, इंजिनात जाणारी हवा त्र्याऐंशी. हिरवा दिवा लागला तेव्हा गाडीत ओढच उरली नव्हती. श्रावणी बरोबर होती, मी चुकलो. घरी येऊन मी भिंतीवरचा कागद काढला, पण कोणाला काही सांगितले नाही. अपमान चारचौघांत केला होता, म्हणून कबुलीही साक्षीदारांसमोर देत आहे.

५. तिने स्वतः आणलेला इंटरकूलर माळ्यावर खोक्यात आहे. भंगारात टाका असे मी म्हणालो होतो. पण नंतर मीच टाकू दिला नाही. धुळीचे माझे म्हणणे मात्र खरे आहे. पुढे जाळी लावावी, महिन्यातून एकदा धुवावे, आणि पाण्याचा फवारा जोरात मारू नये, पात्या वाकतात.

६. दयारामला माझा मोठा पाना द्यायचा होता. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून आज सही करण्याआधीच त्याच्या हातात दिला. तो "हव", म्हणजे हो, म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

७. या दसऱ्याला श्रावणीचा पाना पाटावर होता, माझ्या पान्याच्या आधी. दुसऱ्या दिवशी मी बंपर कापला. डावीकडची कड वाकडी आली आहे. पाइप मी जोडलेले नाहीत. ते तिचे काम.

मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते, असे वकील सांगतात. हे सातवे कलम तेवढे थांबणारे नाही. याची प्रत आजच पुण्याला पाठवत आहे. श्रावणी, पोरी, वाटणीला येऊ नकोस, त्याआधी ये. मे महिन्यात तेलीबांध्याच्या सिग्नलला आकडा तू वाच, मी लिहून घेईन. मेपर्यंत मी असेन का, हे साक्षीदार क्रमांक दोन सांगत नाहीत.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

नरहर गोविंद बोरकुटे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. दयाराम साहू, मिस्त्री, भनपुरी
२. डॉ. ज्ञानदा मुळे, तेलीबांधा

रायपुर, सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५