दुपारच्या हवेतली दवंडी

अण्णा, तुम्ही जाऊन आता वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुम्हांला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितो आहे ते काही प्रेमाचं भरतं आलं म्हणून नाही. भीती वाटते म्हणून लिहितो आहे. काल इथल्या एका सभेत माझं भाषण होतं. तुमचा मुलगा हल्ली चारचौघांची टिंगल करून नाव कमावतो. तुम्हांला ते पटलं नसतं, पण मिशीतल्या मिशीत हसला असता. दुपारची वेळ, वर तापलेले पत्रे, बाहेरच्या गर्दीसाठी मोटारीच्या टपावर दोन कर्णे. पहिलं वाक्य बोललो आणि तिथंच थांबलो. पार मागं, मोटारीच्याही पलीकडं उभ्या असलेल्या एका माणसाला मी विचारलं, "मी आत्ता काय म्हणालो, सांगा बघू." लोक पोट धरून हसले. त्यांना वाटतं ही माझी लकब. तो माणूस बरोबर सांगेपर्यंत मी दुसरं वाक्य बोललो नाही.

ही खोड तुमची, हे त्यांना कुणी सांगावं? तुम्ही गिरणीत वायरमन. बोलपट नुकते आले होते, आणि तंबूतल्या सिनेमाच्या मालकानं आपल्या जुन्या मोटारीवर कर्णा बसवायला तुम्हांलाच बोलावलं होतं. मागच्या सीटवर बॅटऱ्या, खोक्यात लाल होऊन तापणारे काचेचे व्हॉल्व, आणि पुढं माईक धरून मी. वय वीस, अक्कल बेताची, आवाज मात्र खणखणीत. सोलापुरात लोक मला गिरणीचा भोंगा म्हणायचे आणि मी ती पदवी समजून मिरवायचो. कुठल्याही वस्तीत शिरायच्या आधी तुम्ही मोटार थांबवायला लावायचा. रुमाल भिजवून, पिळून, सावलीच्या बाजूला दाराच्या कडीला अडकवायचा आणि तो वाळायला किती वेळ लागतो ते बघायचं. पावसाळी संध्याकाळी तो तसाच ओला लोंबत राहायचा, आणि एका जागेवरून बोललेलं ओढ्यापलीकडच्या घरातसुद्धा शब्दन्‌शब्द कळायचं. वैशाखातल्या दुपारी तोच रुमाल बघता बघता पापडासारखा कडक. मग दर पन्नास पावलांवर थांबायचं, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलायचं, आणि प्रत्येक थांब्यावर सगळ्यांत लांबच्या दाराशी चालत जाऊन विचारायचं, "आम्ही काय म्हणालो?" उत्तर बरोबर आलं तरच मोटार पुढं. हे सगळं तुम्ही एका वहीत टिपून ठेवायचा: ऊन कसं, रुमाल किती वेळात वाळला, आवाज किती पावलं गेला. गिरणीतला वायरमन हवेची कुंडली मांडतोय म्हणून तुमचे सोबती हसायचे. तुम्हांला त्याचं काही नव्हतं.

"पण अण्णा, दमट हवेत आवाज भिजून जड होत असेल की," असं मी एकदा म्हणालो होतो.

"हवा म्हंजे काय घोंगडं हाय व्हय भिजायला? कोरडी हवाच खादाड असती. स, च, ट असली बारीक अक्षरं आधी खाती आणि नुसता आऽऽ शिल्लक ठेवती. त्यात तापलेली जमीन आवाजाला वर आभाळात उचलती. समोर मृगजळ दिसलं की समजायचं, आपला शब्द जमिनीवरनं चालत न्हाय जायचा."

"मला तर केवढा मोठा ऐकू येतोय."

"तू मोटारीत बसलायस, गाढवा. बोलणाऱ्याला सोताचा आवाज कायम मोठाच ऐकू येतो."

हे शेवटचं वाक्य मी पुढं माझं म्हणून खपवलं आणि त्यावर टाळ्या घेतल्या. तेही आज सांगून टाकतो.

त्या वर्षी पटकीची साथ आली. अक्कलकोटच्या रस्त्याला, गावाबाहेरच्या वस्तीत, एकाच दिवशी तीन घरांत माणसं पडली. नगरपालिकेच्या आरोग्याच्या साहेबांनी सिनेमाची मोटार मागून घेतली. दवंडी साधी होती: मधल्या विहिरीत पटकी आहे, तिचं पाणी पिऊ नका, घरातलं भरलेलं पाणी ओतून टाका. तुमची सकाळची पाळी होती. जाताना तुम्ही दारातून दोनदा मागं वळलात. "भर दुपारी बोलायचं हाय. रुमाल बघ. दारोदार विचार." मी मान हलवली. तीनच्या सुमारास तुम्ही गिरणीतून आलात तेव्हा मी अंघोळ करून, भांग पाडून, संध्याकाळच्या नव्या बोलपटाची जाहिरात घोकत बसलो होतो.

"विचारून आलास?"

"हो."

"लांबच्या घरात?"

"सगळ्यांनी ऐकलं, अण्णा."

तुम्ही खूश झालात. एवढ्या उन्हात आवाज कुठवर पोचला ते मोजायला वही काखेत मारून तसेच त्या वस्तीकडं गेलात. पुढचं तुम्हीच नंतर अंगणात उभं राहून सांगितलंत, पण इतक्या वेळा माझ्या डोळ्यांपुढून गेलं आहे की मीच तिथं उभा होतो असं वाटतं. टोकाच्या घरातली म्हातारी तुम्हांला ओट्यावर बसवते. उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी दिल्याशिवाय ती काही बोलू देणार नाही, आणि तुम्हीही ते घेतल्याशिवाय काही विचारणार नाही. पोरगा म्हणाला आहे सगळ्यांनी ऐकलं. म्हणजे हे पाणी दुसरीकडचंच असणार. तुम्ही तांब्या रिकामा करता. तोंड पुसता. वही उघडता.

"मोटारीवरनं काय सांगितलं, ते ऐकलं न्हवं, मावशी?"

"मोटार? दिसली की तितं, लिंबाखाली. कायतरी आरडत व्हतं. शिनेमाचं असंल म्हणलं."

"आणि हे पाणी कुठलं?"

"कुटलं म्हंजे? आपल्याच हिरीचं की. लई गोड हाय. आनखी आनू?"

आपल्या पोटात काय गेलं ते तुम्ही तिला सांगत बसला नाहीत. त्या वस्तीतलं एकेक दार ठोठावलंत, उभं राहून घागरी, रांजण, हंडे ओतायला लावलेत. मग घरी येऊन उंबऱ्याबाहेरच थांबलात आणि आईला म्हणालात, "दोन-तीन दिवस माझ्या भांड्याला कुणी हात लावायचा न्हाय." मागच्या पत्र्याच्या खोलीत, तारा आणि जुन्या बॅटऱ्यांमध्ये, तुम्ही घोंगडी टाकलीत.

आजवर मी पुष्कळांना घाबरवलं आहे, लेखणीनं आणि जिभेनं. पण भीती म्हणजे काय ते मला त्या दीड दिवसानं शिकवलं. आई चुलीपाशी बसलेली, मी अंगणात, आणि दोघांचे कान पत्र्याच्या खोलीकडं. तुम्ही खोकलात की आई हात थांबवायची. परसाकडं जायला तांब्या उचलल्याचा आवाज झाला की आम्ही एकमेकांकडं बघायचो नाही. मनात मात्र मोजायचो, हा सकाळपासूनचा दुसरा की तिसरा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तांब्या वाजला, लगेच पुन्हा वाजला, आणि मग हातातून निसटून फरशीवर गडगडत गेला. आई ओरडली नाही. "डॉक्टर," एवढंच म्हणाली, तेसुद्धा श्वासातच.

तुमचे डोळे खोल गेले होते. बोटांची कातडी धोब्याच्या हातांसारखी सुरकुतली होती. डॉक्टरांनी शिरेतून मिठाचं पाणी सोडलं आणि "सकाळपर्यंत बघू" असं म्हणून गेले. तुमचा आवाज बसला होता. काही हवं असलं की ओठ हलायचे आणि मी कान तोंडाशी न्यायचो. मला एकच धास्ती होती: तुम्ही पुन्हा विचाराल, खरंच गेला होतास का रे लांबच्या घरात? तुम्ही विचारलं नाहीत. पाणी मागितलंत.

तुम्ही वाचलात. वस्तीतली दोन माणसं गेली. त्यांनी ते पाणी माझ्या दवंडीच्या आधी प्यायलं होतं की नंतर, मला माहीत नाही. विचारायला मी गेलो नाही.

उठून चालायला लागल्यावर एका सकाळी तुम्ही बंब पेटवायला बसलात. मांडीवर ती वही. एकेक पान फाडून चुरगळून आत घालत होता. आई म्हणाली, "अहो, हे काय? एवढं लिहिलंय त्यात." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "खोटं हाय सगळं. मी सांगितलं तसं पोरानं समदं केलं. म्हातारीचं एक दार विचारायचं ऱ्हायलं असंल, पर शब्द तर तितवर जायलाच पायजे व्हता. माझं गणितच चुकलं. माझ्या असल्या गणितापायी दोन माणसं गेली." मी तिथंच उभा होतो, हातात बंबासाठी आणलेल्या काटक्या. तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. एवढ्या अंतरावर कोणत्याही ऋतूतली हवा आड येत नाही. मी काटक्या पुढं केल्या. तुम्ही त्या घेतल्यात, आणि त्यानंतर मोटारीच्या कर्ण्याला कधी हात लावला नाहीत.

अण्णा, मी त्या दिवशी रुमाल भिजवला नव्हता. लिंबाच्या सावलीत मोटार उभी केली, वरच्या पट्टीत, पल्लेदार, तीनदा बोललो, आणि माझाच आवाज मला इतका आवडला की एकाही दाराशी गेलो नाही. समोर मृगजळ दिसत होतं. तुमच्या वहीत एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून पाकीटही आणलेलं नाही. लिहून झाल्यावर सवयीनं एकदा मोठ्यानं वाचून बघावं म्हटलं. शेजारच्या खोलीत बायको तांदूळ निवडत बसली आहे. मी उठलो, दार लावून घेतलं, कडी घातली, आणि मग ओठ न हलवता मनातल्या मनात वाचलं.