ओट्यापर्यंत सोबत

तलवाडा रस्ता, ता. गेवराई
२ ऑगस्ट २०१५

चि. लिहावं तर तुम्ही आमच्या मास्तरीण, आणि ती. लिहावं तर माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणून नुसतंच वैजयंतीताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, पाऊस मात्र अजून बरा नाही. तुम्ही पुण्याला नीट पोचलात का हे विचारायला फोन केला, तर दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि निरोप देतो म्हणाला. मला निरोपांचा भरवसा नाही. सरकारी दवाखान्यात नर्स होते तेव्हापासून लिहून कळवायची खोड आहे. शिवाय जाताना तुम्हीच म्हणालात, शिकवलेलं कितपत चालतंय ते पत्राने कळवत राहा.

तर ऐका, चालतंय.

खरं सांगते, तुम्ही पहिल्या दिवशी स्वयंपाकीण, राखणदार, अंग पुसणारी बाई आणि मी, सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलंत तेव्हा मला रागच आला होता. जन्मभर नोकरी केलेली बाई मी, या आधारघराची मुख्य, आणि राखणदार कचरूच्या मांडीला मांडी लावून बसायचं! आणि शिकायचं काय, तर विसरभोळ्या म्हाताऱ्यांशी कसं वागावं. ते तर आम्ही रोजच करत होतो. निदान तसं वाटत होतं.

मग तुम्ही डोळे बांधून एकमेकींना भरवायला सांगितलंत. स्वयंपाकाच्या वच्छलाबाईची जोडी अंग पुसणाऱ्या भामाबाईशी लागली आणि वच्छलाबाईने तिथल्या तिथे उपवास धरला. "मपला आज उपास हाय." तुम्ही पिशवीतून केळं काढलंत. भामाबाई बौद्धवाड्यातली, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं की ठाऊक असून मुद्दाम केलंत, हे मला अजून कळलेलं नाही. पण वच्छलाबाईच्या चेहऱ्याचा रंग मी पाहिला. तिने केळं खाल्लं. दुसऱ्याच घासाला ओरडली, "अगं, गिळू तर दे! जीव घेतीस का मपला?" आणि भामाबाई हळूच म्हणाली, "म्हाताऱ्यायला आपुन रोज असंच चारतो की, वच्छलाबाई." तेव्हा कुणी हसलं नाही. आता आमच्याकडे जेवणाला फार वेळ लागतो, आणि ठसका कुणाला लागत नाही.

कचरूला तुम्ही खुर्चीला बांधलंत, चहा होईपर्यंत. आधी मिशीत हसत होता. मग नाकाला खाज सुटली म्हणाला. सोडल्यावर तो उठला, आत गेला आणि प्रत्येक खाटेला बांधलेल्या लुगड्याच्या पट्ट्या काढून चुलीत घातल्या. मी सांगायच्या आधी. मला तर तोवर वाटत होतं की बांधणं म्हणजे काळजी.

त्यात आमच्या ह्यांचीही पट्टी होती. तुम्हाला माहीतच आहे, खिडकीजवळच्या खाटेवरचे राधाकिशन म्हणजे माझे मालक. गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. आधारघर ज्यात चालतं ते जुनं शीतकरण केंद्रही संस्थेचंच, आणि आमचा खर्च चालतो तोही दुधाच्या लिटरमागे कापलेल्या पैशांवर. हा ठराव ह्यांनीच मांडला होता. आता स्वतःच त्या ठरावावर जेवतात, आणि ठराव आठवत नाही.

पहाटे उठायचं आणि रस्त्यापलीकडच्या संस्थेच्या ओट्यावर लोकांचं दूध मोजून घ्यायला जायचं, एवढंच त्यांच्यात शिल्लक आहे. आधी आम्ही त्यांना बांधायचो. ते ओरडायचे, अंगावर धावून यायचे. तुम्ही म्हणालात, त्यांना आपल्या काळात ओढू नका, त्यांच्या काळात तुम्ही जा. म्हणून आता आम्ही जातो. आळीपाळीने. एक दिवस कचरू, एक दिवस भामाबाई, एक दिवस मी. हाताला धरून रस्ता ओलांडायचा, ओट्यावर बसायचं. कचरू तर असा रंगतो की विचारू नका.

"गाडी आली का बे?"

"आली साहेब. कॅन चढवायलेत."

"फॅट बघितली का?"

"बघितली. लई झकास हाय."

मग ते समाधानाने मान हलवतात, आणि परत येऊन चहा पितात. दिवसभर आवाज नाही. गोळीसुद्धा लागत नाही.

माझी पाळी असते तेव्हा मी दूध घालणारी बाई होते. मला ते ओळखत नाहीत, दोन वर्षं झाली. "या बाई, म्हशीचं का गाईचं?" म्हणतात. मी म्हणते, म्हशीचं. "पाणी तर न्हाई ना घातलं?" मी म्हणते, न्हाई हो साहेब. मग म्हणतात, "बसा, दमला असाल." ताई, लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी इतक्या अदबीने कधी बोलला नव्हता. मला हसू येतं आणि घरी आल्यावर रडूही येतं, पण ते रडणं वाईट नसतं.

तेवढ्यासाठी तुमचे उपकार.

तुमची,
मालनबाई


१२ डिसेंबर २०१५

वैजयंतीताई,

नमस्कार. तुमची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. इकडे थंडी आहे. पाऊस आलाच नाही, त्यामुळे त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

टँकरचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला पुरतं, अंघोळीला नाही. तुम्ही शिकवलं होतं, कोमट पाणी आधी पायावर घालायचं म्हणजे माणूस दचकत नाही. आम्ही आता ओल्या फडक्याने पुसून काढतो, पण सुरुवात पायापासूनच करतो. एवढं पाळतो.

गुरं चारा छावणीत गेली, काही बाजारात गेली. संस्थेचं दूध दिवाळीच्या आधीच थांबलं. चेअरमन भगवानराव येऊन गेले. माणूस वाईट नाही. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "बाई, दूधच न्हाई तर कापू कशातून? किराणा जमंल तवर धाडतो. माणसांच्या पगाराचं मला इचारू नका." मी विचारलं नाही.

भामाबाई ऊसतोडीला गेली. खरं तर मुलगा आणि सून जाणार होते, पण सून बाळंत झाली, मग मुलाबरोबर ही गेली. जायच्या आदल्या दिवशी ती एकेका खाटेपाशी बसली आणि वच्छलाबाईला सांगत गेली, ह्यांना डाव्या कुशीवर झोपवा, ह्यांना आधी गाणं म्हणा मग कपडे बदला. वच्छलाबाईने भाकरी बांधून तिच्या हातात दिल्या. "गाडीत खा. सावकाश खा," म्हणाली. दोघी रडल्या. मी आत जाऊन कपाट आवरलं.

कचरू छावणीवर राखणीला लागला. त्याला मी काय बोलणार, घरी चार तोंडं आहेत. जाताना ह्यांच्या पाया पडला. ते म्हणाले, "उद्या येळेवर ये." तो "हो साहेब" म्हणाला आणि गेला.

नवी माणसं आली की परत येऊन शिकवीन असं तुम्ही लिहिलंत. ताई, जुनी आम्ही दोघीच उरलो आहोत. म्हातारी माणसं मात्र होती तेवढीच आहेत.

तुम्ही दोन्ही पत्रांत विचारलंत की कुणाला पुन्हा बांधावं लागतं का. त्याविषयी सवडीने लिहीन. आत्ता कुणीतरी हाक मारतंय. हे बरे आहेत. थंडीमुळे सध्या आतच असतात.

वच्छलाबाईचा नमस्कार.

तुमची,
मालनबाई


२१ फेब्रुवारी २०१६

वैजयंतीताई,

नमस्कार. तुमचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम वच्छलाबाईला उचलायला लावला. ती म्हणाली की मी बाहेर गेलेय. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिला खोटं बोलायला लावलं याचंही वाईट वाटतं, कारण ती देवभोळी आहे आणि नंतर तिने देवापुढे नाक घासलं.

मागच्या पत्रात मी तुमचा प्रश्न टाळला. सवड नव्हती असं नाही. तेव्हा मी ह्यांना बांधायला लागून आठवडा झाला होता.

कसं झालं ते सांगते. कचरू आणि भामाबाई गेल्यावर ह्यांना ओट्यावर रोज मीच नेत होते. पण त्याच वेळेला सगळ्यांची अंथरुणं ओली असतात, कुणाला उठवायचं असतं, कुणाला पाणी पाजायचं असतं, आणि वच्छलाबाई चुलीपुढे. एका सकाळी मी छबुबाईंचे कपडे बदलत होते. त्या मधेच घाबरतात, त्यांना सोडून जाता येत नाही. ह्यांना म्हटलं, थांबा, आलेच. ते कशाला थांबतात? त्यांच्या दुधाची वेळ झालेली.

रस्त्यावर वाळूच्या गाड्या असतात हे तुम्ही पाहिलंच आहे. नदीकडून भरून येतात आणि उजाडायच्या आत पळतात. हे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि दुधाची गाडी समजून त्यांनी हात दाखवला. ड्रायव्हरने कसाबसा ब्रेक मारला. धक्का लागला नाही, पण दचकून हे रस्त्याकडेच्या चारीत पडले आणि कोपर फुटलं. मी धावत गेले तर ड्रायव्हर मला ओरडत होता, "बाई, येडं माणूस असं मोकळं सोडत्यात का? मेलं असतं म्हंजी?" मला त्याचा राग आला नाही. पोरगाच होता.

त्याच दिवशी मी माझं जुनं लुगडं फाडलं.

तुमचं सगळं मला तोंडपाठ होतं, ताई. खुर्चीवर बसलेला कचरूसुद्धा डोळ्यांपुढे होता. कुणी म्हणेल, ही न शिकलेली बाई, हिला दुसरं काय सुचणार. तसं नव्हतं. मी चांगली शिकलेली होते. तुमच्या शिकवणुकीला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, हे तुम्ही आनंदाने सांगत होतात. पण तिला माणसं लागतात, आणि ती ऊस तोडायला गेली.

पहिल्या सकाळी मी मनगटं खाटेला बांधली तेव्हा ते फार झटले. मला लाथ बसली. मी गाठ मारत होते आणि ते दाराकडे तोंड करून ओरडले, "मालन! ए मालन! लवकर ये, ही बाई मला बांधायली!"

दोन वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मला वाटलं होतं, नाव पुसलं गेलं. ते आत होतं. मी म्हटलं, "अहो, मीच मालन." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दाराकडे बघून मलाच हाका मारत राहिले. मी गाठ पक्की केली. काय करू? तिकडे छबुबाई पडल्या असत्या.

तीन-चार सकाळी त्यांनी हाका मारल्या. नंतर बंद झाल्या.

आता बाकीची बातमी. पाडव्याला आधारघर बंद होणार, भगवानरावांनी तसं सगळ्यांच्या घरी कळवलं आहे. काहींना पोरं येऊन घेऊन गेली. एकाचा मुलगा आला, पण ऊन होतं म्हणून बापाला न घेताच परत गेला. पुन्हा येतो म्हणाला. छबुबाईंना कुणीच नाही. त्यांना बीडला एका संस्थेत पाठवायचं म्हणतात, तिथे काय पद्धत आहे कुणाला ठाऊक. मी विचारायलाही गेले नाही, मला ते ऐकायचं नाही. ह्यांना मी घरी नेणार. घरी मी एकटीच आहे, म्हणजे तिथेही हेच. हंगाम संपून भामाबाई परत येईल तेव्हा इथे कुलूप असेल. तुम्ही जूनमध्ये यायचं म्हणता, येऊ नका. तिकीट काढलं असेल तर रद्द करा.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते. पण तुम्हाला नाही तर कुणाला सांगू? वच्छलाबाईला सांगितलं तर ती रडते आणि भाजी करपवते.

परवा वच्छलाबाईची बहीण मुक्कामाला आली होती. म्हणाली, मी बघते सगळ्यांकडे, तुम्ही जावा सेक्रेटरीला घेऊन. मला इतका आनंद झाला की काय सांगू. ह्यांच्या पट्ट्या सोडल्या, अंगात स्वेटर घातला, पायात चपला घातल्या. म्हटलं, "साहेब, चला, दुधाची गाडी यायची वेळ झाली. लोक खोळंबलेत." ते बसून राहिले. मी कचरूसारखं बोलून बघितलं. भामाबाईसारखं हाताला धरून बघितलं. मग म्हटलं, "मी म्हशीचं दूध आणलंय, मोजून घेता का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखीचं नाही, रागाचंही नाही. आणि दोन्ही मनगटं जोडून माझ्यापुढे धरली.

मी बांधली नाहीत. हात खाली घेतले, तर पुन्हा पुढे केले. काल तसंच, आज सकाळीही तसंच. मी जवळ गेले की हात पुढे येतात.

यावर तुमच्याकडे काही शिकवायचं असेल तर कळवा. नसेल तर तेही कळवा, मी वाट बघत बसणार नाही.

तुमच्याकडे शिकलेली,
मालन